डोकमर्डीत सापडलेला खोकला

तुमच्या आजारपणाची माहिती कोणाच्या मालकीची? तुमच्या, की ती टिपून ठेवणाऱ्या दवाखान्याच्या? हा प्रश्न मला कायद्याच्या पुस्तकाने नव्हे, एका संशयिताने विचारला. तो प्रसंग आठवला की अजून हसू फुटतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सिल्वासा पोलीस ठाण्यात फौजदार होतो. आमलीतल्या एका खासगी दवाखान्याचे डॉक्टर अर्ज घेऊन आले: कॉम्प्युटर चोरीला गेला. कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी त्यांच्याकडे होई आणि सगळ्यांचे आजार त्या यंत्रात भरलेले असत.

दुपारी एका टेम्पोवाल्याने खबर दिली. "साहेब, डोकमर्डीच्या चाळीत एकाने टीव्ही आणलाय. पण लावत नाही, गोधडीत गुंडाळून ठेवलाय."

खोलीत धुळ्याकडचा एक तरुण कामगार होता. त्याने स्वतःच गोधडी उलगडली. "चोरी नही करी साहेब. मन्हा खोकला परत लई ऊनू." आपला खोकला परत घेऊन आलो, असं तो म्हणत होता.

ठाण्यात चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. क्षयाचे उपचार पूर्ण करून तो ठणठणीत बरा झाला होता. त्याने कोणालाच काही सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येक कारखान्याच्या गेटवर एकच ऐकू येई: "तू टीबीवाला ना? चल, नीघ." काम मिळेना, म्हणून बायकोला गावाहून आणता येईना. आजाराची बातमी दवाखान्याच्या यंत्रातूनच फुटते, असं वाटून त्याने ते यंत्रच उचललं होतं.

ठाण्यात बोलावलेले डॉक्टर तडकले, "यंत्र माझं, माहितीही माझी!"

"यंत्र तुमचं, पण छाती मन्ही ना?"

ओळख पटवायला आलेला दवाखान्याचा ऑपरेटर पोट धरून हसू लागला. "अरे भाऊ, हा तर नुसता पडदा! माहिती डब्यात असते, तो दवाखान्यातच आहे. तिची नक्कल फ्लॉपीवरून कधीच गलोंड्याच्या कारखान्याच्या गेटवर पोचली!"

'कॉम्प्युटर, एक नग' असं लिहिणारा आमचा हवालदारही थांबला.

"कोणी पोचवली?" मी विचारलं.

ऑपरेटरचं हसू विरलं. "ओळखीचे लोक मागतात साहेब. नाही कसं म्हणायचं?"

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. गुन्हा अजून दाखल व्हायचा होता. त्यांनी अर्ज मागे घेतला, त्या तरुणाला स्कूटरवर बसवलं आणि गलोंड्याच्या गेटवर जाऊन बजावलं, "हा बरा आहे. आणखी काही हवं असेल तर त्यालाच विचारा."

संध्याकाळी तो जिलेबी घेऊन ठाण्यात आला. "साहेब, उद्या सकायपासून पहिली पाळी!" निम्मी जिलेबी हवालदारानेच संपवली.

पडदा पळवणाऱ्यासाठी आमच्याकडे कलम होतं, माणसाचं आजारपण वाटत सुटणाऱ्यासाठी नव्हतं. तेव्हा मला कळलं, काही चोऱ्या हसतमुख, ओळखीची माणसं करतात आणि त्यांना ती मदत वाटते.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात सही करण्याआधी पेन खाली ठेवा आणि मोठ्याने विचारा, "हे कोणाकोणाला दाखवणार?" उत्तर मिळेपर्यंत पेन उचलू नका.