गुडघ्याच्या तेलाविरुद्ध आमचा संगीत लढा

चिंचपोकळीचं एक संगीत चॅनेल मी आंदोलन करून वाचवलं, असं मी सगळ्यांना सांगते. चाळीतले लोक तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात, पण पत्रक मी लिहिलं होतं, तेव्हा आधी माझं ऐका.

चॅनेलचं नाव ‘गिरणसूर’. मालक, निवेदक आणि महिन्याचं बिल मागायला येणारा माणूस असे तिघेही एकच, ते म्हणजे केबलवाले सावंतमामा. मी शाळेत होते तेव्हा समोरच्या इमारतीतल्या त्यांच्या खोलीतून दिवसभर गाणी लागायची. लोक फर्माईश कळवायचे, खालच्या पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकायच्या. मग पट्टी मोठी झाली आणि गाणं छोटं. मग शेजारी फ्लॅटची जाहिरात आली आणि गाणं कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं उरलं (गायिकेचा फक्त अंबाडा दिसायचा). त्यानंतर राशिभविष्य, नशिबाचे खडे आणि शेवटी गुडघेदुखीचं तेल. संगीत चॅनेलवर संगीत उरलं ते फक्त तेलवाले वैद्य खुर्चीत येऊन बसेपर्यंत वाजणारं.

आम्ही सहन केलं, कारण एक गाणं शाबूत होतं. माझ्या आईच्या महिला मंडळाने चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी बसवलेलं गाणं सावंतमामांनी कधीकाळी चित्रित केलं होतं, आणि दर जयंतीच्या सकाळी ते सगळ्या कडव्यांसकट लागायचं. आई निळी साडी नेसून टीव्हीसमोर बसायची आणि पडद्यावरच्या स्वतःला “घाई करतेस, घाई करतेस” म्हणून झापायची. यंदा त्या वेळेलाही तेल, असं जाहीर झालं.

मी तडक मामांकडे गेले. “मामा, हा आमच्या सांस्कृतिक हक्कावर घाला आहे.”

“गे बाय, गाणी आता सगळे मोबायलार बघतत. खोलीचा भाडा तेलवालो देता. तुझो हक्क देतलो काय?”

घरी आले तर आई साडीची घडी परत कपाटात ठेवत होती. “जाऊ दे गं,” म्हणाली. “कोण बघतंय आमचं गाणं?”

झालं! त्याच संध्याकाळी पत्रक तयार. ‘तेल हटवा, गाणं वाचवा.’ बाबांनी ते तपासून त्यात फक्त ‘भांडवली’ हा शब्द घातला (ते माझ्या वाढदिवसाच्या ग्रीटिंगमध्येही घालतात). डाव माझा होता. तेलाचा कार्यक्रम मामांच्या खोलीतूनच थेट असतो, प्रेक्षक फोन करतात. आख्ख्या चाळीने फोन करायचे आणि गुडघ्याऐवजी गाणं मागायचं. लाइन जाम, तेल बंद!

पहिला फोन बाबांचा. आम्ही सगळे टीव्हीपुढे.

“नमस्कार काका, गुडघा उजवा की डावा?” वैद्यांनी विचारलं.

“विषय बदलू नका. महिला मंडळाचं गाणं—”

“नाव, पत्ता सांगा काका.”

आता इथे आमच्या घराण्याचा स्वभाव आडवा आला. निनावी मागणी भेकड करतात, हे मी अक्षरओळखीबरोबर शिकलेय. बाबांनी पूर्ण नाव, मजला, खोली नंबर, पिनकोड आणि दाराबाहेरच्या निळ्या पिंपाची खूण सांगितली. मागोमाग चाळीतल्या प्रत्येकाने तेच केलं. शेजारच्या शांतामावशींना वैद्यांनी विचारलं, “दुखतं का?” त्या म्हणाल्या, “दुखतं की. पण तो मुद्दा नाही.”

दोन दिवसांनी कुरियरवाला गोणी घेऊन आला. ज्याने ज्याने पत्ता दिला, त्याच्या नावाने तेल. पाठोपाठ सावंतमामा पेढे घेऊन हजर. “इतके फोन कधी इले नव्हते गे! अर्ध्या तासाचो कार्यक्रम दोन तासांचो केलो.”

चाळ माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “लढ्यात चढउतार असतात.”

“चढायला गुडघे लागतात,” शांतामावशी म्हणाल्या.

आईने बाटली उचलली आणि ती परत करायला थेट मामांच्या खोलीत गेली, मागे मंडळाच्या बायका. कार्यक्रम चालू होता. वैद्य हरखले. “या ताई, तुमचा अनुभव सांगा.”

आईने समोरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि गायला लागली. वैद्य “ताई, ताई” करत राहिले, पण दारातून बायकांनी ध्रुवपद उचललं आणि त्यांचा आवाज त्यात बुडाला. सगळी कडवी झाली. एकदाही घाई नाही. इकडे टीव्हीपुढे बाबा उठून उभे राहिले. तेवढ्यात खाली पट्टी सरकली: ‘गुडघे बरे झाल्याच्या आनंदात गाणाऱ्या ताई. तीन जिने चढून आल्या.’

आता ‘गिरणसूर’वर ते गाणं रोज सकाळ-संध्याकाळ लागतं, संपूर्ण, पट्टीसकट. आम्ही वर्षातून एकदा मागितलं होतं. आई रोज बघते.

तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मी दुसरं पत्रक लिहिलं: ‘गाणं हवं, तेलाविना.’ आईने ते नीट वाचलं आणि उशीखाली ठेवून दिलं.

“पहिल्या पत्रकाने तेलाचा दीड तास वाढला,” ती म्हणाली. “तू जरा विश्रांती घे.”