पुसलेल्या गाठी

प्रयोगशाळेत सगळे तिला नाकवाली ताई म्हणत. स्कॅनवरून ती संगणकात माणसाचं नाक उभं करायची आणि त्यातून हवा अन् वास कसे वाहतात, ते रंगीत रेघांनी दाखवायची. राग मात्र तिच्या स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा.

तिच्या आईला वर्षभर वास येत नव्हता. दूध करपलं तरी पत्ता लागत नसे. म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांनी आईच्या नाकाचं मॉडेल स्वतः केलं. जिथे वास कळतो, त्या वरच्या फटीपर्यंत रेघा झकास पोचल्या. "नाकात काही नाही, मनात आहे," साहेब म्हणाले. तेव्हापासून घरात भाऊ आईला नाटकी म्हणू लागला.

ताईला ते पटेना. तिने मूळ स्कॅन उघडला. दोन्ही बाजूंना फटीच्या तोंडाशीच एकेक गाठ बसली होती. चित्र सुबक दिसावं म्हणून साहेब बारीकसारीक डाग पुसत, तशा त्यांनी गाठीही पुसून टाकल्या होत्या.

ती तणतणत त्यांच्या टेबलाशी गेली.

"अगं, मसुराएवढ्या तर होत्या," साहेब म्हणाले.

"दोन मसूर आणून देते. एकेका नाकपुडीत वरपर्यंत कोंबा, आणि मग सांगा माझ्या आईला, मनात आहे म्हणून!"