दोरीकाकांचे पार्सल

मिसरूड फुटल्यापासून काचसामानाच्या दुकानात बांधणीचे काम करणाऱ्या दोरीकाकांचे खरे नाव काकूंनाही आठवावे लागे. त्यांनी बांधलेला पेला डोंगरावरून गडगडत आला तरी तडकत नसे. मात्र तो सोडवताना गिऱ्हाईक घायकुतीला येई.

त्यांचे थोरले बंधू आतड्याच्या कर्करोगाने गेले. दुखणे कळले तेव्हा वेळ टळून गेली होती. तेव्हापासून अक्का, म्हणजे काकांची बहीण, हट्टाला पेटली.

"एक भाऊ घालवला. तू तपासून घेईपर्यंत या घरचं पाणी पिणार नाही!" असे बजावून ती रोज येई आणि समोर बसून स्वतःच्या बाटलीतले पाणी पिई.

"अक्का, अगं, मला काही होत नाहीये."

"त्याला तरी कुठं होत होतं? होत नाही तेव्हाच तपासायचं असतं, शहाण्या."

अखेर प्रयोगशाळेतून बोटाएवढी नळी आली. तीत शौचाचा नमुना भरून द्यायचा. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात आहे का, ते तिथे पाहतात. काकांनी दार लावून काम उरकले, पण ती नळी तशीच उघड्यावर नेणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी ती कापसात गुंडाळली, डबीत घातली, डबी पेंढ्यात, पेंढा खोक्यात, आणि ते खोके त्याहून मोठ्या खोक्यात. वर दोरी आवळून लिहिले, 'नाजूक. ही बाजू वर.'

"अहो, हे काय कपाट पाठवताय?" काकूंनी विचारले.

"माझ्या हातचा माल आहे. अब्रूनंच जाईल."

माल हातगाडीवरून गेला. प्रयोगशाळेत सर्वांना वाटले, मागवलेले नवे यंत्रच आले. उद्घाटन ठरले, पाहुणे जमेपर्यंत आठवडा लोटला. मुख्य डॉक्टरांनी फीत चटकन कापली. दोरी मात्र कोणाला सुटेना की कापवेना. घामाघूम होऊन त्यांनी अखेर कापसातून नळी काढली आणि उंच धरली. टाळ्या वाजल्या. मग डॉक्टरांनी नळीवरची चिठ्ठी वाचली.

"काका, नमुना वाया गेला. पुन्हा द्या," प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "आणि हात जोडते, नुसती नळी आणा!"

"माझा माल आजवर कधी परत आला नव्हता," काका खिन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या खेपेस ते नळी खिशात घालून, भर रस्त्यातून नुसत्या बनियनवर चालल्यासारखे अंग चोरत गेले. नमुन्यात रक्ताचा अंश निघाला. काकांच्या डोळ्यांपुढे बंधूंचा चेहरा उभा राहिला.

"म्हणजे कर्करोगच, असं नाही," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीनं आत पाहू."

आत कोंबाएवढी वाढ सापडली. पुढेमागे तिचा कर्करोग होऊ शकला असता. आज झालेला नव्हता. ती तिथल्या तिथे काढली. काही वर्षांनी पुन्हा तपासायला यायचे, रोज चालायचे आणि सिगारेट सोडायची, एवढे सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी धाडले.

त्या दिवशी अक्काने काकांच्या घरी तांब्याभर पाणी एका दमात संपवले. मग पदराने तोंड पुसण्याच्या निमित्ताने डोळेही पुसले.

सिगारेट मात्र सुटेना. तेव्हा काकांनी पाकीट कापसात गुंडाळले, डबीत घातले, डबी पेंढ्यात. संध्याकाळी तल्लफ आली की ते खोक्यापाशी बसत आणि गाठी चाचपत.

"कात्री देऊ का?" काकूंनी एकदा खोचकपणे विचारले.

"कात्री? माझ्या बांधणीला?" काका ताडकन उठले आणि चपला घालून फिरायला निघून गेले.