एका अंगाला कललेली होडी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

अंधेरी पूर्वेला आमचं ऑफिस. वरून काढलेल्या फोटोंतल्या होड्यांभोवती चौकट आखायची आणि नाव द्यायचं: मालवाहू, मासेमार, संशयित. त्यावरून मशीन शिकणार. काम सागरी सुरक्षेचं, असं सांगितलेलं. पण फोटोच्या मधोमध नेम धरायची फुली असायची. समुद्र कुठला, माणसं कुठली, कुणी विचारलं नाही. मी टीमचा प्रमुख, मीही नाही.

एकदा टीममधली एक मुलगी स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, "सर, बघा ना. रात्रीच्या कॅमेऱ्याचे लागोपाठचे फोटो आहेत. इंजिन बंद, दिवा नाही, होडी जागच्या जागी. क्लायंटने संशयित दिलंय. मला नाही पटत. तुम्ही वेसाव्याचे कोळी, तुम्हीच सांगा."

एका नजरेत कळलं. सगळी माणसं एकाच काठाला वाकलेली, होडी त्याच अंगाला कललेली. माणसं जाळं ओढत होती. बाबांच्या होडीत मी स्वतः असाच वाकलोय, कंबर मोडेस्तोवर.

पण काही फोटोंची उत्तरं क्लायंट आधीच ठरवून आम्हाला तपासायचा; त्यांच्याशी आमचं जुळलं नाही की टीमचे मार्क कापले जायचे, आणि आमचे आधीच बरेच गेले होते.

"संशयितच आहे. टाक."

"नक्की ना, सर?"

"अगं, होड्या तू मला शिकवणार?"

ती ओशाळून हसली. "सॉरी सर. तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार!"

त्याच दिवशी घरी बाबांनी विचारलं, ऑफिसात करतोस तरी काय? म्हटलं, होड्यांचे फोटो बघतो.

"मंग दारान बस ना! होऱ्या हिथंच हान."

दारात बसलं तरी होड्या दिसतातच, म्हणून सगळे हसले. मीही.

त्यानंतर कुठे काय झालं, कुणी मेलं का, मला कधीच कळणार नाही. या कामाची हीच तर सोय आहे. वरचे साहेब चहा पिताना सांगायचे, "घाबरू नका, शेवटी निर्णय माणूसच घेतो." घेतो ना. मी घेतलाच होता.

ती मुलगी आता नव्या पोरांना शिकवते. परवा तिच्या मागून जाताना ऐकलं, "थांबलेली होडी, वाकलेली माणसं, म्हणजे संशयित. जास्त डोकं लावू नका रे. सर स्वतः कोळी आहेत, त्यांनीच सांगितलंय."

मी न थांबता पुढे गेलो.

ती माणसं जाळं ओढत होती, एवढं मला तिला सांगायचं आहे, आणि क्लायंटला लिहून कळवायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.