मधली वाटी मोकळी

धनराजभाऊ पहिल्यांदा दुकानात आले ते नकली मासे एकेक उचलून कानाशी हलवायला लागले. गोंदियाच्या बाजारात माझं गरी-दोऱ्याचं दुकान आहे. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. अलीकडे लोकांना गांडूळ टोचायचा कंटाळा येतो, म्हणून गळाला लावायचे रबरी बेडूक, प्लास्टिकचे मासेही ठेवतो. गिऱ्हाईक रंग बघतं, घासाघीस करतं. हा गृहस्थ मात्र नारळ घेतल्यासारखा वाजवून बघत होता. मी म्हटलं, भाऊ, पाणी नाही निघणार त्यातून. ते काही हसले नाहीत.

काही नकली माशांच्या पोटात छर्रे असतात. पाण्यात ओढले की ते खुळखुळतात आणि त्या आवाजावर मरळ धावून येते. असे सगळे मासे त्यांनी बाजूला सारले.

"बोलनारा नको, शेठ. मुका द्या."

राईस मिलमध्ये मिस्त्री होते ते. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहून माणूस एवढा आवाजाला भितो कसा, मला नवलच वाटे. गरीचं सामान ठेवायला त्यांच्याकडे स्वयंपाकघरातला मसाल्याचा गोल डबा होता. गढूळ पाण्यासाठी पिवळा बेडूक, ढगाळ दिवसासाठी काळा, कमळाच्या पानांत अडकू नये म्हणून गळाचे काटे पाठीशी चिकटलेला हिरवा, असं एकेका वाटीत लावायचे. मधली वाटी मात्र कायम रिकामी. एकदा मी आगाऊपणे तिच्यात एक बेडूक टाकला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातावर ठेवला. "मधली मोकळी राहू द्या. ते कोनाची तरी आहे."

माझी मुलगी शाळेतून दुकानात यायची आणि तिच्या तोंडाला खीळ म्हणून नसायची. एका दुपारी हिशेब चुकला नि मी तिच्यावर ओरडलो, चूप बस. धनराजभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "पोरीले चूप नका म्हनू, शेठ," ते म्हणाले, आणि मी न विचारताच सांगायला लागले.

त्यांचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. खूप वर्षांमागची गोष्ट; धाकटी बहीण सोनी लहान, अखंड बडबडी. भाऊ डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन मासे धरायला निघाला की ही आधी जाऊन बसायची. त्या दिवशी मोठी मरळ पानाखाली दिसत होती आणि सोनीचं तोंड चालूच. ते वैतागून म्हणाले, चूप राय, मी सांगतपर्यंत बोलू नको. ती चूप झाली. मरळ हाताला लागली, त्यांनी हसत मागे वळून पाहिलं, तर डोंग्यात कोणी नव्हतं. पाणी हललंही नव्हतं. गावानं तलाव पिंजून काढला. सोनी सापडली नाही.

"पडली तेव्हा तिनं हाक काऊन नाई मारली? मी चूप म्हटलं होतं म्हून," ते म्हणाले. मासे धरायचं निमित्त होतं. सुट्टीच्या दिवशी हा माणूस बहिणीची हाक ऐकायला तलावावर जाऊन बसत होता. म्हणून बोलणारा मासा नको होता.

मग एकदा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुकानात आल्या. त्यांना सामान देऊ नका म्हणाल्या. आता ते गळ बाजूला ठेवून छातीएवढ्या पाण्यात शिरतात आणि पाण्याला कान लावून उभे राहतात. एक दिवस तसेच आत जातील, ही वहिनींची धास्ती. मी शब्द दिला. पण पुढच्याच आठवड्यात धनराजभाऊ आले ते नवरदेवासारखे खुललेले.

"बोलनारा द्या, शेठ. सगळ्यात जास्त बोलनारा."

मी हात आखडला आणि विचारलं, आता कशाला?

"बोलली ना ते. 'दादा, आता बोलू काय?' म्हने."

मग तुम्ही काय म्हणालात, मी कसंबसं विचारलं.

"बोल म्हटलं. तवापासून बोलूनच राहिली. आवाज अजून तेवढाच बारीक आहे पोरीचा."

त्या चेहऱ्याला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यांनी लाल मासा कानाशी वाजवला, मधल्या वाटीत ठेवला आणि झाकण लावलं.

ते पाण्यात गेले नाहीत. तलावावरून नीट घरी आले, लाल मासा सोनीला देऊन आलो म्हणाले, पोटभर जेवले. सकाळी अंगणातल्या खाटेवर गेलेले सापडले. वहिनी मला डबा द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, अंग कोरडं होतं, उशी कोरडी होती, एक कान तेवढा ओला होता.

डबा माझ्या फळीवर आहे. सगळे बेडूक मुके, मधली वाटी रिकामी. मी कितीदा तरी उघडून पाहिलंय. तरी दुपारी बाजार सुस्तावला, दुकानात कोणी नसलं, की झाकणाखाली खुळखुळ सुरू होते. सुरुवातीला मी घाबरून शटर ओढून घरी पळायचो. एकदा तर तोंडातून निघणारच होतं, चूप. जीभ चावली.

आता हातातलं काम ठेवतो आणि म्हणतो, बोल माय, बोल.