पऱ्याची वकील

पाण्याशी अदबीने बोलणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि तेही माझ्याच वर्गात, दहावीत शिकणारं. खेड तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेमागून एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, वाहतो. गाव त्याचंच पाणी पितं. ते तपासायचा प्रकल्प मी पाच मुलींना दिला आणि ही त्यांची म्होरकी झाली. पाणी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय ती बाटली बुडवू देत नसे. चपला काढून, हात जोडून ‘लेकरांचं काय चुकलंमाकलं तर पोटात घाल’ असं खड्या आवाजात म्हणायची आणि बाकीच्या चौघी ‘होय महाराजा’ म्हणून साथ द्यायच्या. दगड उलटून खालचे किडे बघितले की दगड होता तसा ठेवायचा, कारण ते त्यांचं घर. एकदा मुख्याध्यापकांनी पऱ्यात पानाची पिंक टाकली, तर तिने त्यांना पाण्याची माफी मागायला लावली. बिचाऱ्यांनी मागितली. मी विज्ञानाची बाई, मला हसू यायचं.

पौषातल्या एका सकाळी ती वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, “बाई, आज पान्यात कोन नाय.”

आम्ही गेलो. पाणी कधी नव्हे इतकं नितळ होतं. बेडूक नाही, चतुर नाही, पाखराचा आवाज नाही. आणि दोन्ही काठांच्या कातळावर कुर्ल्याच कुर्ल्या, लहानमोठे सगळे खेकडे, भर उन्हात, पाण्याकडे पाठ करून निश्चल बसलेल्या. चाहूल लागताच पाण्यात पळणारी ही जात, पण आम्ही अगदी जवळ गेलो तरी एकही हलली नाही. माझ्या अंगावर काटा आला. गावाला मात्र कालवण दिसत होतं. मुंबईहून रजेवर आलेल्या तिच्या वडिलांची बादली अर्धी भरलीसुद्धा होती.

“बाबा, ह्या पलून आल्यात,” ती म्हणाली. “घरात नेऊ नको.”

वडील हसले. तेव्हा तिने चपला काढल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, की पाण्यात जे काय शिरलं असेल त्याचा थेंब किंवा कुर्लीची नांगी कुणाच्या चुलीपर्यंत जाऊ देऊ नको. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडे हात आपोआप जुळतात. वडिलांनी बादली खाली ठेवली आणि सवयीने ते बाकीच्यांसकट ‘होय महाराजा’ म्हणून बसले. आता शब्द मोडायची कुणाची छाती? सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या झाल्या. सुटलेल्या कुर्ल्याही पाण्याकडे गेल्या नाहीत. एक मांजर तेवढं एक कुर्ली घेऊन पळालं, ते संध्याकाळी उठलंच नाही. त्या दिवसापासून गावाने पऱ्याचं पाणी तोंडाला लावलं नाही. वरून काय वाहून आलं ते आजवर कळलेलं नाही.

आता ती रत्नागिरीला कॉलेजात आहे. सुट्टीत एसटीतून उतरली की पिशवीसकट आधी पऱ्यावर जाते. मागच्या खेपेला मीही गेले. तपासलं, तर पाणी चांगलं निघालं. मी खुशीत तिला तसं म्हटलं. तिने त्या मुक्या पाण्यातला एक दगड उलटला, खाली ना किडा ना कुर्ली, आणि तो होता तसा परत ठेवला.

“पानी बरा झाला, बाई. पन ता त्यांना सांगनार कोन?”

माझा जीव तुटला. मी चपला काढून तिच्याजवळ बसले.