पितळी पुंगळ्या आणि माझा कान

मागच्या आठवड्यात चार दिवसांची रजा काढून पुण्याहून गावी गेले होते, करडीला. धान पिवळं पडायला लागलंय... आणि रानडुकरांनी शेजारच्या धानाच्या बांधीची पार वाट लावून ठेवलीय.

घरात शिरते तर बाबा ओसरीवर बसलेले आणि समोर तो जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी लांबूनच ओळखलं... पुंगळ्या!

सांगते. बाबांकडे पिकाच्या राखणीसाठी लायसन्सची जुनी एकनळी बंदूक आहे. तिच्या काडतुसाची पुंगळी पितळेची असते आणि बार झाल्यावर तीच पुन्हा काळी दारू भरून वापरता येते. आता दुकानात प्लास्टिकची तयार काडतुसं मिळतात, पण पितळी पुंगळी जपली तर वर्षानुवर्षं चालते.

जपायची कशी, ते मला विचारा! काळ्या दारूची काजळी पितळ खाते, म्हणून आधी गरम पाण्यात धुवायची आणि मग चिंचेच्या पाण्यात घालायची, पण थोडाच वेळ. एकदा मी जास्त शहाणपणा करून रात्रभर भिजत ठेवल्या... सकाळी बघते तर सगळ्या तांबूस. पितळ कच्चं पडलं म्हणून त्या बाद झाल्या आणि बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

धुऊन वाळवल्यावर निवडायच्या. तोंड फाटलेलं नको, बूड जाड हवं, हे डोळ्यांना दिसतं. पण बुडाशी केसासारखी चीर असेल तर ती दिसत नाही... ती कानालाच कळते. भंडाऱ्याच्या बाजारात बायका पाणी भरायचा पितळेचा गुंड घेताना टिचकी मारून बघतात ना, अगदी तसंच.

हे काम माझं होतं. दहा वर्षांची असल्यापासून ते कॉलेजसाठी नागपूरला जाईपर्यंत. पुंगळी बोटावर उपडी धरायची आणि चमच्याने हलकेच टोला द्यायचा.

बाबा विचारायचे, "का म्हनते?" टिंग वाजली की मी म्हणायचे "बोलते", नुसतंच टक् झालं की "मुकी". बोलणाऱ्या एका ताटलीत, मुक्या दुसऱ्या. मला वाटायचं ही माझी परीक्षा चाललीय... उत्तर बाबांना माहीतच आहे.

आता बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दर रविवारी मी फोन करते, ते स्क्रीनकडे बघून हात हलवतात आणि फोन आईकडे देतात. कानाचं महागडं मशीन घेऊन दिलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात ठेवलंय.

दोन वर्षं झाली, आमचं धड बोलणं नाही. मी ओरडून काहीतरी विचारते आणि ते भलत्याच प्रश्नाला हसून मान हलवतात. समोर बसलेल्या माणसाची आठवण येते का कुणाला? मला येते हो... फार येते.

तर त्या दिवशी बॅग ठेवायचीही सवड न देता त्यांनी मला शेजारी बसवलं, हातात चमचा दिला. सगळं अगदी तेव्हासारखं. मी वाजवायची, ते माझ्या तोंडाकडे बघायचे, मी मान हलवली की पुंगळी ताटलीत.

आई बाजूलाच तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, एवढी वर्षं ऐकलंय बाबांनी, आता त्यांना नुसत्या हातालाच कळत असेल ना?

आई हसायलाच लागली. "कुठचं कळते व? बारीक आवाज तर त्याईले तवाही ऐकू येत नव्हते. तू पायातल्या तोरड्या वाजवत मागून आली, तरी तुह्या बाबाले पत्ता नसे."

"मंग?"

"मंग का? तू म्हनशील तेच खरं. तू नागपूरले गेली, तवापासून डबा माळ्यावर पडून होता. दुकानातलेच आनून राहिले होते. तू येनार म्हनून काल खाली काढला."

चमचा तसाच हातात राहिला माझ्या.

म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. चिरलेली पुंगळी म्हणजे आग उलटी तोंडावर... आणि हा माणूस दहा वर्षांच्या पोरीच्या शब्दावर बंदुकीला गाल टेकवत होता. इतकी वर्षं!

आणि मला ती एक दिवाळीची सुट्टी आठवली. मैत्रिणी अंगणात हाका मारत होत्या, मला खेळायला पळायचं होतं. मी एकही नीट न ऐकता सगळ्याच्या सगळ्या पुंगळ्यांना "बोलते, बोलते" म्हणून मोकळी झाले होते. बाबांनी त्या सगळ्या भरल्या होत्या.

काही झालं नाही, हे नशीब. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात म्हटलं, "बाबा, तेव्हा एकदा मी खोटं बोलले होते!"

बाबा गोड हसले. मान हलवली आणि पुढची पुंगळी माझ्या बोटावर ठेवली. "का म्हनते?"

मग प्रत्येक पुंगळी तीन-तीनदा वाजवली मी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाबांना वाटलं, चुलीचा धूर लागला. दोन मुक्या निघाल्या... त्या त्यांनी परत न बघता बाजूला टाकल्या.

माझं म्हणणं इतक्या मनापासून आयुष्यात दुसऱ्या कुणीच ऐकलेलं नाही.